पवनऊर्जा आणि पॉवर कन्व्हर्टर: पीएचडीसाठी विषय निवडताना

झुळूक

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिकलमध्ये पीएचडीला नुकतीच नोंदणी झाली आहे. 'पवनऊर्जेतील वीज रूपांतरण' एवढाच ढोबळ विषय ठरलाय, नेमका प्रश्न अजून हाती लागलेला नाही. विभागात पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा आहे, पण बरीचशी उपकरणं बीईच्या प्रात्यक्षिकांपुरतीच वापरली जातात.

सध्या शोधनिबंध वाचण्याचा सपाटा लावलाय आणि दर दुसरा निबंध एमपीपीटीवर निघतो. म्हणजे वाऱ्यातून जास्तीत जास्त वीज काढणारा एखादा नवा अल्गोरिदम, सिम्युलिंकमधले आलेख, आणि जुन्या पद्धतीपेक्षा आपली पद्धत अमुक टक्के सरस. सगळं सिम्युलेशन. माझे गाईडही म्हणतात की इथूनच सुरुवात कर, निबंध लवकर होतात.

पण एक गोष्ट सारखी खटकते. या निबंधांत वारा पायरी चढल्यासारखा ८ मी/से वरून एकदम १० वर जातो आणि अर्ध्या सेकंदात टर्बाइन नव्या वेगावर स्थिर होतं. खऱ्या यंत्रात असं होतं का? आणि होत नसेल तर मग खरे प्रश्न कुठे आहेत? या क्षेत्रातल्या लोकांनी मार्ग दाखवावा.

---

रोहित्र

झुळूक, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. तो धागा सोडू नका.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. ८ चे १० झाले की शक्ती जवळजवळ दुप्पट होते. पण वारा वाढला म्हणून पात्यांचा रोटर लगेच वेग घेत नाही, त्याचं जडत्व प्रचंड असतं. संशोधनात सर्रास वापरलं जाणारं एनआरईएलचं (अमेरिकेतली अक्षय ऊर्जा प्रयोगशाळा) ५ मेगावॅटचं संदर्भ टर्बाइन घ्या. रोटरचा व्यास १२६ मीटर, पूर्ण वेग मिनिटाला फक्त १२.१ फेरे, पुढे ९७ पट वेग वाढवणारा गिअरबॉक्स, आणि जनरेटर फिरतो सुमारे ११७४ आरपीएमने. एवढं धूड अर्ध्या सेकंदात वेग बदलत नाही. त्याला कित्येक सेकंद लागतात, आणि तोवर वारा पुन्हा बदललेला असतो. त्यामुळे 'थोडं हलवून बघ, शक्ती वाढली तर त्याच दिशेने जा' ही सोलरमधली पद्धत इथे आंधळी होते. शक्ती आपल्या हलवण्याने वाढली की वाऱ्याने, हे तिला कळतच नाही.

प्रत्यक्षात मोठ्या यंत्रांमध्ये फार साधी गोष्ट वापरतात. जनरेटरचा टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवायचा, टॉर्क = k × ω². k हा पात्यांच्या आकारावरून आणि त्यांच्या कमाल कार्यक्षमतेच्या बिंदूवरून आधीच काढलेला असतो. रोटर हवा त्यापेक्षा हळू फिरत असेल तर वाऱ्याचा टॉर्क या टॉर्कपेक्षा जास्त भरतो आणि रोटर आपोआप वेग घेतो. जास्त वेगात असेल तर उलट. वाऱ्याचा वेग मोजायचीही गरज नाही. कार्यक्षमतेची वरची मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ बेट्झने शंभर वर्षांपूर्वीच काढून ठेवली आहे, १६/२७ म्हणजे ५९.३ टक्के, आणि आजची पाती तिच्या बरीच जवळ पोहोचली आहेत. अल्गोरिदम बदलून तिथे खजिना सापडणार नाही.

माझं स्पष्ट मत: पीएचडीची उमेदीची वर्षं आणखी एका एमपीपीटीवर घालवू नका.

---

तीन_फेज

रोहित्र यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. पण एमपीपीटी अगदीच संपलेला विषय म्हणू नये. k कारखान्यात ठरतो आणि पाती पुढे वर्षानुवर्षं पाऊस-धूळ खातात. पुढची कड खरबरीत होते, थंड प्रदेशात बर्फ साचतो. मग तो k चुकीचा ठरतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या कॅथरीन जॉन्सन यांनी एनआरईएलच्या प्रायोगिक टर्बाइनवर चालता चालता k सुधारत नेणाऱ्या नियंत्रणाचं काम केलं आहे. खळबळीच्या वाऱ्यात k पुस्तकी किमतीपेक्षा थोडा कमी ठेवला तर ऊर्जा जास्त मिळते हेही त्याच कामाच्या ओघात पुढे आलं. कारण सुंदर आहे: ऊर्जा झोताच्या वेळी जास्त असते, आणि कमी k असला की रोटर झोत पकडायला हलका राहतो.

म्हणजे प्रश्न उरले आहेत, पण ते खऱ्या यंत्राजवळ गेल्यावरच दिसतात.

---

रोहित्र

हे मान्य. आता खरे प्रश्न कुठे आहेत त्याबद्दल. मी ग्रिडच्या बाजूचा माणूस आहे, तेव्हा तिकडूनच सांगतो.

२००९ साली टेक्सासमध्ये एक वाहिनी बंद पडली आणि एक विंड फार्म सिरीज कपॅसिटर लावलेल्या दुसऱ्या वाहिनीच्या टोकाला एकटं लटकलं. डीएफआयजी प्रकारची यंत्रं होती, म्हणजे स्टेटर थेट ग्रिडला आणि रोटर कन्व्हर्टरमार्गे जोडलेली इंडक्शन जनरेटर. कपॅसिटर आणि वाहिनीचं इंडक्टन्स यांचा अनुनाद ५० किंवा ६० हर्ट्झच्या बराच खाली असतो. त्या वारंवारितेला रोटर-बाजूच्या कन्व्हर्टरचा करंट लूप ऋण रोधासारखा वागला, म्हणजे आंदोलन शमवायच्या ऐवजी त्यात भर घालत गेला. प्रवाह बघता बघता वाढले, टर्बाइनमधले क्रोबार (कन्व्हर्टर वाचवायला रोटरची टोकं जोडून टाकणारी संरक्षक सर्किटं) आणि वाहिनीवरचे कपॅसिटर दोन्ही जायबंदी झाले. कुठल्याही सुट्या भागात दोष नव्हता. दोष त्यांच्या एकत्र येण्यात होता.

२८ सप्टेंबर २०१६, दक्षिण ऑस्ट्रेलिया. वादळाने पारेषण मनोरे पडले आणि सुमारे दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा कोसळलं. पवनचक्क्यांनी प्रत्येक धक्का सोसला, पण काहींच्या नियंत्रकात 'ठरावीक वेळात इतकेच धक्के सोसायचे' अशी मर्यादा भरलेली होती. ती ओलांडताच काही सेकंदांत ४५६ मेगावॅट कमी झाले, शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या वाहिनीवर भार आदळला, ती तुटली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. ही मर्यादा ग्रिड चालवणाऱ्यांना आधी माहीतच नव्हती. एक आकडा, तोही सॉफ्टवेअरमधला.

९ ऑगस्ट २०१९, इंग्लंड. वाहिनीवर वीज पडली, नेहमीची घटना. पण हॉर्नसी या समुद्रातल्या विंड फार्मचं व्होल्टेज नियंत्रण त्या क्षणी नीट शमलं नाही, आंदोलन वाढलं आणि ७३७ मेगावॅट गेले. त्याच सुमारास एक गॅस केंद्रही बंद पडलं. वारंवारिता ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज तोडावी लागली.

तिन्ही घटनांत पाती आणि जनरेटर ठणठणीत होते. सगळा घोळ कन्व्हर्टरचं नियंत्रण आणि ग्रिड यांच्या नात्यात. विद्यापीठांनी हात घालावा असं काम इथे पडलंय, कारण उत्पादक आपला कंट्रोल कोड दाखवत नाहीत आणि ग्रिडवाल्यांना बंद डब्यासारखं मॉडेल मिळतं. तो डबा बाहेरून मोजून, त्याचा इम्पिडन्स वारंवारितेनुसार काढून, 'हा या ग्रिडवर डोलेल का' हे आधीच सांगणं हा आजचा जिवंत विषय आहे.

---

झुळूक

रोहित्र सर, हे वाचून काल रात्री झोप लागली नाही, इतकं डोक्यात घुमत होतं. मनापासून आभार.

एक शंका. डीएफआयजीबद्दल सगळीकडे 'व्होल्टेज कोसळलं की रोटर कन्व्हर्टर धोक्यात येतो' एवढंच लिहिलेलं असतं. का, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. स्टेटर थेट ग्रिडला आहे हे कळतं. पण व्होल्टेज कमी झाल्यावर रोटरमध्ये जास्त व्होल्टेज कसं येतं?

---

वाइंडिंग

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. मी प्रयोगशाळेत शिकवतो आणि वर्षानुवर्षं मुलं हा भाग पाठ करून जातात.

डीएफआयजीची सगळी गंमत स्लिपमध्ये (s) आहे, म्हणजे रोटर समकालिक वेगापेक्षा किती मागे-पुढे आहे त्यात. स्टेटर ग्रिडवर, रोटर कन्व्हर्टरवर. रोटरच्या टोकांवर येणारं व्होल्टेज स्लिपच्या प्रमाणात असतं. वेग समकालिक वेगाच्या वरखाली ३० टक्क्यांपर्यंतच ठेवला तर कन्व्हर्टरला एकूण शक्तीच्या साधारण ३० टक्केच हाताळावे लागतात. स्वस्त आणि लहान कन्व्हर्टरमध्ये काम भागतं, म्हणून ही रचना इतकी पसरली.

आता स्टेटरवरचं व्होल्टेज अचानक शून्य झालं असं धरा. स्टेटरमधला फ्लक्स एका क्षणात नाहीसा होऊ शकत नाही. तो आत्तापर्यंत ५० हर्ट्झने फिरत होता, तो आता जागच्या जागी गोठतो आणि हळूहळू ओसरतो. रोटर मात्र पूर्ण वेगाने फिरतोच आहे. म्हणजे गोठलेल्या फ्लक्समधून रोटरची वेटोळी पूर्ण वेगाने कापत जातात. आधी प्रेरित व्होल्टेज s च्या प्रमाणात होतं, आता ते (१ − s) च्या प्रमाणात होतं. समकालिक वेगापेक्षा २० टक्के जास्त वेगाने चाललं असेल तर s = −०.२. आधी ०.२ पट, आता १.२ पट. सहा पट! ३० टक्क्यांच्या हिशेबाने बांधलेला कन्व्हर्टर ते पेलू शकत नाही, करंटवरचा ताबा जातो. मग क्रोबार रोटरची टोकं रोधातून जोडून टाकतो आणि तेवढ्या वेळेपुरतं ते साधं इंडक्शन मशीन बनतं, ग्रिडकडून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढणारं. नेमकं ग्रिडला आधाराची गरज असते तेव्हाच.

हे कागदावर वाचणं वेगळं आणि ऑसिलोस्कोपवर पाहणं वेगळं. रोटर करंटची संथ साइन वेव्ह चाललेली असते, डिप येतो आणि तिच्यावर जवळपास ५० हर्ट्झचं मोठं आंदोलन स्वार होतं, मग ते हळूहळू विरतं. एकदा पाहिलं की जन्मभर विसरत नाही.

आणि यासाठी मेगावॅट लागत नाहीत. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या पेना, क्लेअर आणि अॅशर यांचा १९९६ चा शोधनिबंध डीएफआयजीच्या व्हेक्टर कंट्रोलसाठी आजही पहिला वाचायला देतात. त्यांचा प्रयोग ७.५ किलोवॅटच्या यंत्रावर होता. तेव्हा सिम्युलेशन जरूर करा, पण रिग बांधा. लहान असू द्या.

---

सागरवारा

वाइंडिंग सरांच्या बोलण्याला जोडून, विश्वासार्हतेचा विषयही विचारात घ्या.

कन्व्हर्टरमधला आयजीबीटी (स्विचचं काम करणारं अर्धवाहक साधन) का मरतो? पुस्तकी उत्तर: तापमान वरखाली होऊन बाँड वायर सुटतात, सोल्डरला तडे जातात. डीएफआयजीत हे आणखी कठीण, कारण समकालिक वेगाजवळ रोटर करंटची वारंवारिता एक-दोन हर्ट्झवर येते. मग एकच आयजीबीटी बराच वेळ सलग तापतो आणि सलग निवतो, प्रत्येक चक्रात जंक्शनचं तापमान झोके घेतं. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठात फ्रेडे ब्लाबियर्ग यांच्या गटाने या विषयात मोठं काम उभं केलं आहे.

पण जर्मनीतल्या फ्राउनहोफर आयडब्ल्यूईएसने प्रत्यक्ष चालू यंत्रांतल्या बिघाडांची माहिती आणि निकामी झालेले भाग तपासले तेव्हा उष्णतेच्या चक्रांनी आलेला थकवा मुख्य गुन्हेगार म्हणून पुढे आला नाही. आर्द्रता आणि कॅबिनेटमध्ये साचणारं दव जास्त संशयित ठरलं. वारा पडतो, यंत्र थांबतं, कन्व्हर्टर थंड होतो, ओलावा धरतो, आणि वारा आला की त्याच ओल्या बोर्डावर शेकडो व्होल्ट चढतात. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. सगळे एका दिशेने मॉडेल रचत होते आणि उत्तर उघडलेल्या कॅबिनेटमध्ये होतं.

बेअरिंगचंही तसंच. कन्व्हर्टरच्या वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि बेअरिंगच्या वंगणातून ठिणगीरूपाने उतरतं. असं बेअरिंग कापून पाहिलं तर रेसवर धुण्याच्या खडबडीत फळीसारख्या समांतर रेघा दिसतात. सिलिकॉन कार्बाइडची साधनं येतील तसं स्विचिंग आणखी वेगवान होईल आणि हा प्रश्न वाढेल. मशीन आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही येणाऱ्या माणसाला इथे भरपूर काम आहे.

---

निळाई

मी या विषयातली नाही, मेकॅनिकलवाली. 'ग्रिड-फॉर्मिंग' हा शब्द सगळीकडे दिसतो. कोणी दोन ओळींत सांगेल का?

---

रोहित्र

निळाई, आजचे बहुतेक कन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज पाहतात, पीएलएल या ताल पकडणाऱ्या लूपने त्याचा कोन पकडतात आणि त्या तालावर करंट सोडतात. ताल धरणारं दुसरं कोणीतरी असावं लागतं, म्हणजे मोठी फिरती जनित्रं. ग्रिड-फॉर्मिंग कन्व्हर्टर स्वतःच व्होल्टेज आणि वारंवारितेचा ताल धरतो. २००७ मध्ये क्लाउस्टालच्या तांत्रिक विद्यापीठातून बेक आणि हेस यांनी आभासी समकालिक यंत्राची कल्पना मांडली. पुढे झाँग आणि वाइस यांचा सिंक्रोनव्हर्टर आला, ज्यात समकालिक जनित्राची समीकरणंच कन्व्हर्टरच्या नियंत्रकात सोडवली जातात. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या डर्सलोक विंड फार्मवर पवनचक्क्यांच्या बळावर ग्रिडचा बंद पडलेला भाग पुन्हा उभा करून दाखवला.

दोनाच्या चार ओळी झाल्या.

---

जुना_वाचक

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची ताकद कमी लेखू नका, एवढंच सांगायला आलो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट आवारात प्राध्यापक हेरोनेमस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७६ मध्ये २५ किलोवॅटचं टर्बाइन उभारलं. पात्यांचा कोन बदलणारं आणि बदलत्या वेगाने चालणारं, म्हणजे आजच्या यंत्रांचा गाभा त्यात होता. डेन्मार्कमध्ये ट्विंडच्या शाळांतल्या शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी १९७८ मध्ये मेगावॅट वर्गातलं टर्बाइन चालू केलं. मोठमोठ्या कंपन्यांची प्रायोगिक यंत्रं मोडीत निघाली, हे टिकलं.

---

झुळूक

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि गाईडपुढे ठेवले. ते आधी गप्प होते. मग दक्षिण ऑस्ट्रेलियाची घटना त्यांनी स्वतः पुन्हा वाचली आणि म्हणाले, रिग बांधायची तर बांधू.

सध्याचा विचार असा: पूर्ण कन्व्हर्टरवर चालणारं परमनंट मॅग्नेट जनरेटर, साधारण ५ किलोवॅट, ४०० व्होल्ट. टर्बाइनच्या जागी ड्राइव्हवर चालणारी मोटर. मुख्य प्रश्न: कमकुवत ग्रिडवर पीएलएलवाला आणि ग्रिड-फॉर्मिंग असे दोन्ही कन्व्हर्टर कुठे डोलायला लागतात, आणि बाहेरून मोजलेल्या इम्पिडन्सवरून ते आधी ओळखता येतं का.

दोन अडचणी आहेत. प्रयोगशाळेतला पुरवठा चांगला मजबूत आहे, मग कमकुवत ग्रिड आणायचं कुठून? आणि मोटरचं जडत्व टर्बाइनच्या मानाने नगण्य, त्याचं काय?

---

वाइंडिंग

विषय उत्तम. दोन्हीची उत्तरं आहेत.

कमकुवत ग्रिड म्हणजे मधला इम्पिडन्स मोठा. तो तुम्ही स्वतः लावायचा. ४०० व्होल्ट आणि ५ किलोवॅटला मूळ इम्पिडन्स ४०० × ४०० / ५००० = ३२ ओहम. शॉर्ट सर्किट रेशो (कन्व्हर्टरच्या मानाने ग्रिड किती मजबूत ते) २ हवा असेल तर निम्मा, १६ ओहम. ५० हर्ट्झला हे झालं दर फेजला सुमारे ५१ मिलिहेन्री. इंडक्टर त्याहून मोठा, सुमारे ६८ मिलिहेन्रीचा घेऊन त्याला टॅप घ्या म्हणजे रेशो ५ पासून १.५ पर्यंत उतरवत नेता येईल. दोन्हीकडे व्होल्टेज पूर्ण धरलं तर रेशो २ ला पूर्ण शक्तीवर कोन ३० अंश येतो आणि रेशो १ ला थेट ९०, म्हणजे स्थैर्याचं टोक. त्यामुळे १.५ च्या खाली घाई करू नका.

इंडक्टर बनवून घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, गाभ्यात एअर गॅप हवा. तुमचा पूर्ण करंट ७.२ अँपिअर आहे, पण आंदोलन सुरू झालं की शिखर त्याच्या कितीतरी वर जातं आणि गाभा संपृक्त झाला तर इंडक्टन्स कोसळेल. मग तुम्ही ज्या ग्रिडवर मोजताय ते ग्रिडच राहणार नाही. दुसरं, तार जाड घ्यायला लावा. बारीक तारेचा रोध आंदोलन शमवतो आणि तुमचा कन्व्हर्टर उगाच स्थिर दिसतो. कमकुवत ग्रिडवरचे बरेच गोड निकाल या रोधाचीच कृपा असतात, म्हणून इंडक्टरचा रोध मोजून निबंधात लिहाच.

जडत्वाचं: मोटरच्या ड्राइव्हमध्ये टर्बाइनचं समीकरण सोडवून वेगाचा आदेश द्या, टॉर्कचा नको. प्रवेग मोजून टॉर्कमध्ये भरपाई करायला गेलात तर एन्कोडरचा गोंगाट डेरिव्हेटिव्हमधून दसपट होऊन येतो. तुमचा प्रश्न ग्रिडच्या बाजूचा आहे, तेव्हा जडत्व स्थिरांक सेकंदांत खऱ्या यंत्राइतका ठेवला आणि मनोऱ्याच्या सावलीने दर फेऱ्याला तीनदा येणारी टॉर्कची घट घातली की पुरे.

आणि एक सूचना, ही टाळायची नाही. डीसी लिंकच्या कपॅसिटरना कायमस्वरूपी डिस्चार्ज रोध लावा आणि पुरवठा तोडल्यावर मीटरने व्होल्टेज उतरल्याचं पाहिल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही. स्कोपला डिफरन्शियल प्रोबच वापरा, स्कोपचं अर्थिंग काढून काम भागवणं बंद. शिवाय मोठा इंडक्टर लावून सर्किट ब्रेकर उघडलात की व्होल्टेज उसळतं, तेव्हा जोडणीच्या बिंदूवर एमओव्ही (व्होल्टेजची उसळी शोषणारे व्हॅरिस्टर) हवेत.

---

तीन_फेज

एक भर: इम्पिडन्स मोजताना छोटा विक्षोभ सोडावा लागेल. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर ठेवा, त्याच कन्व्हर्टरच्या संदर्भात मिसळू नका, नाहीतर त्याचाच कंट्रोल लूप विक्षोभ गिळतो. आणि धन व ऋण क्रमाचे (तीन फेजच्या फिरण्याच्या दोन दिशांचे) इम्पिडन्स वेगवेगळे मोजा. ५० हर्ट्झच्या आसपास पीएलएल या दोघांना एकमेकांत गुंतवतो, तेव्हा त्या पट्ट्यात एकट्याचं मोजमाप पुरणार नाही.

---

झुळूक

हे नेमकं अडलं असतं. इंडक्टरची मागणी याच आठवड्यात टाकते, एअर गॅप आणि तारेचा रोध दोन्ही अटी लिहून. पहिलं मोजमाप मजबूत ग्रिडवर, पीएलएलवाल्या कन्व्हर्टरचं करते आणि आलेख इथेच टाकते. ५० हर्ट्झजवळच्या पट्ट्याबद्दल तीन_फेज तुम्हाला पुन्हा त्रास देईन.

---

तीन_फेज

जरूर. आलेखासोबत पीएलएलची बँडविड्थ आणि करंट लूपची बँडविड्थ दोन्ही द्या, त्याशिवाय आलेख वाचता येत नाही.